तहावर मांडलिकाची सही कुठे आहे?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की ग्रँड स्ट्रॅटेजी खेळांत, म्हणजे नकाशावर अख्खं राज्य चालवायच्या संगणकी खेळांत, मांडलिक राज्य म्हणजे खेळाडूने पुढे सवडीने गिळायला बाजूला ठेवलेला घास असतो. त्यावर बरीच पत्रं आली. काहींना ते पटलं, काहींना वाटलं की मी खेळांवर अन्याय केला. त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत. लांब होती ती थोडी छाटली आहेत.

प्रश्न : ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’मध्ये मी फ्रान्स घेऊन खेळतो. १४४४ साली डाव सुरू होतो तेव्हाच ओर्लेआं, बुर्बोने, आर्मान्याक असे मांडलिक हाताशी असतात. दहा वर्षं झाली, त्यांचं माझ्याबद्दलचं मत १९०च्या वर गेलं, की मी एकेकाला विलीन करत जातो. नियमात बसतं आणि फायद्याचंही आहे. पण प्रत्येक डावात हेच होतं. मग मांडलिक सांभाळण्यात मुत्सद्देगिरी काय राहिली?

काही राहिली नाही, हे तुमचं बरोबर आहे. त्या दहा वर्षांत दोघांनी बोलावं असं काही घडतच नाही. तुम्ही दूत पाठवून मत वाढवता आणि तारखा पळवता. पण विलीनीकरणाचा नियम हे दुखण्याचं लक्षण झालं. मूळ कुठे आहे ते मला मांडलिक होऊन खेळल्यावर कळलं.

आमच्या पाच जणांच्या गटात एका डावात मी मोल्दाव्हिया, म्हणजे आजच्या रोमानिया-मोल्दोव्हा भागातलं जुनं राज्य, घेतला होता. डावाच्या सुरुवातीला तो पोलंडचा मांडलिक असतो आणि पोलंड माझ्या मित्राकडे होता. पहिली पंचवीस-तीस वर्षं मी मुकाट खंडणी भरली. त्याच्या प्रत्येक युद्धात माझं छोटं सैन्य पाठवलं, उत्तरेकडच्या एका वेढ्यात ते निम्मं संपलं. मग ऑटोमन चालून आले. युद्ध लांबलं, मित्र कंटाळला आणि त्याने तह करून टाकला. तहात माझा काळ्या समुद्राकडचा प्रांत गेला. मला कळलं तेव्हा नकाशावर त्याचा रंग बदललेला होता. मांडलिकाच्या वतीने तह अधिपती करतो, मांडलिकाच्या सहीसाठी त्या पडद्यावर जागाच नाही. मित्राने नियम मोडला नव्हता. पण त्यानंतर मी त्याच्या एकाही लढाईत मनापासून उतरले नाही. सैन्य सीमेवर दाखवण्यापुरतं उभं करायचे, आणि ऑटोमन खेळाडूशी गुपचूप बोलायला लागले होते.

पुढे वाचताना लक्षात आलं की खुद्द मोल्दाव्हियाच्या इतिहासात हे घडून गेलेलं आहे. १४८४ साली ऑटोमनांनी त्याची किलिया आणि चेतातेआ आल्बा ही बंदरं घेतली. ती परत मिळवायला मदत होईल या आशेने राजा स्टीफन १४८५मध्ये कोलोमियाला गेला आणि पोलंडच्या चौथ्या काझिमिरपुढे त्याने मांडलिकीची शपथ घेतली. १४८९ साली पोलंडने ऑटोमनांशी तह केला, बंदरं त्यांच्याकडेच राहिली. १४९७मध्ये काझिमिरचा मुलगा यान ओल्ब्राख्त सैन्य घेऊन मोल्दाव्हियात उतरला, तेव्हा कोझमिनच्या जंगलात स्टीफनने त्या सैन्याची दाणादाण उडवली. शपथेपासून त्या जंगलापर्यंत बारा वर्षं. तुमच्या डावात एवढ्या काळात मांडलिक विलीनीकरणाला पात्र होऊन दोन वर्षं उलटलेली असतात.

मांडलिकी हा मुळात सौदा आहे. एकाने खंडणी आणि सैन्य द्यायचं, दुसऱ्याने पाठीशी उभं राहायचं. खेळ पहिली बाजू दमडीपर्यंत मोजतात आणि दुसरी गृहीत धरतात. मला हवाय तो बदल साधा आहे : तहात मांडलिकाची जमीन सोडायची असेल तर त्याची संमती घ्या किंवा भरपाई द्या. दोन्ही जमत नसेल तर त्याला सौद्यातून मोकळं होण्याचा हक्क मिळाला पाहिजे, आणि तो हक्क त्याने वापरला तर जगाच्या नजरेत तो बंडखोर ठरता कामा नये.

विलीनीकरण मला नको आहे असं नाही. फ्रान्सचंच बघा. ब्रिटनी या पश्चिमेकडच्या सरदारी राज्याची वारस अ‍ॅन हिच्याशी आठव्या चार्ल्सने १४९१मध्ये लग्न केलं. तो वारल्यावर बाराव्या लुईने १४९९मध्ये केलं. दोन राजांची लग्नं होऊनही रीतसर विलीनीकरण व्हायला १५३२ साल उजाडलं, आणि तेव्हाही ब्रिटनीच्या प्रतिनिधिसभेच्या संमतीशिवाय कर बसवायचे नाहीत असं वचन राजाला द्यावं लागलं. क्रांती होईपर्यंत, म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षं, ब्रिटनीवाले ते वचन राजांपुढे धरत राहिले. तुमच्या ओर्लेआंला विलीन करताना अशी दोन-तीन वचनं त्या प्रांताला कायमची चिकटली पाहिजेत. ती मोडलीत तर आर्मान्याकच्या दरबारात ती बातमी पोचली पाहिजे.

प्रश्न : मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी आहे. मित्रांबरोबर एक छोटा स्ट्रॅटेजी खेळ बनवतो आहे. मांडलिकाची निष्ठा ० ते १०० अशी एका आकड्यात ठेवली आहे. भेट पाठवली की १० वाढते, अपमान केला की १५ कमी होते. यंत्रणा चालते, पण तिच्यात जीव नाही. काय घालावं?

आठवण घाला. तुमच्या खेळात काल अपमान आणि आज दोन भेटी, की हिशेब मिटला. एखादा माणूसही असा हिशेब मिटवत नाही, अख्खा दरबार कसा मिटवेल?

सुमारे ३३०० वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानातला हित्ती राजा दुसरा मुर्शिली याने सीरियाकडच्या अमुरू या मांडलिक राज्याच्या राजाशी, दुप्पी-तेशुबशी, केलेला करार आज आपल्याला वाचता येतो. त्यात अटी नंतर येतात, आधी येतो इतिहास. तुझा आजा अझिरू माझ्या बापाशी कसा इमानाने राहिला, तुझ्या बापाने काय केलं, तू आजारी होतास तरी मी तुला गादीवर कसं बसवलं. ३०० शेकेल सोन्याची खंडणीसुद्धा आजोबांपासून चालत आलेली म्हणून सांगितली आहे. आकडा आहेच, पण तो गोष्टीच्या पोटात आहे.

तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगी उदाहरण मला जोसनचं, म्हणजे त्या काळच्या कोरियाचं वाटतं. जोसन हा चीनच्या मिंग सम्राटांचा मांडलिक. १५९२ साली जपानने त्याच्यावर स्वारी केली. मिंगांनी सैन्य पाठवलं आणि १५९३च्या सुरुवातीला प्याँगयांग परत मिळालं. संरक्षणाचं वचन पाळलं गेलं. त्याच वर्षी जपानने तहासाठी जोसनचे दक्षिणेकडचे चार प्रांत मागितले आणि बोलणी मिंग आणि जपान यांच्यात चालली, ज्याचे प्रांत त्याला जवळजवळ बाहेर ठेवून. म्हणजे एकाच अधिपतीच्या नावावर एक मोठं ऋण आणि एक मोठा सल.

आता पुढे काय झालं ते पाहा. १६१९मध्ये मिंगांनी ईशान्येकडून चढाई करणाऱ्या मांचूंविरुद्ध मदत मागितली. राजा ग्वांगहेगुनच्या मनात नव्हतं, तरी दहा हजारांहून जास्त सैन्य गेलं. सारहूच्या लढाईत मिंगांची फळी कोसळली आणि जोसनच्या सेनापतीने मांचूंपुढे शस्त्रं खाली ठेवली. १६२३ साली दरबारातल्या विरोधी गटाने ग्वांगहेगुनला गादीवरून खेचलं. त्याच्यावरच्या आरोपांत मिंगांचे उपकार विसरल्याचा आरोप होता. १६३७मध्ये मांचूंनी जोसनला बळाने आपलं मांडलिक केलं, १६४४मध्ये मिंग राज्यच बुडालं. आणि तरीही १७०४ साली, बुडालेल्या त्या अधिपतीच्या स्मरणार्थ, कोरियाच्या राजाने आपल्या राजवाड्याच्या आवारात वेदी बांधली. मदत येऊन शंभरहून अधिक वर्षं झाली होती. हे वाचलं त्या दिवशी मी माझ्या वहीतले निष्ठेचे सगळे तक्ते खोडून टाकले. मी असा एकही खेळ पाहिलेला नाही ज्यात अधिपती नकाशावरून पुसला गेल्यावरही मांडलिक त्याला मानतो.

करायचं कसं? प्रत्येक मांडलिकामागे नोंदवही ठेवा. नोंद मोजकी : काय घडलं, कोणाच्या कारकिर्दीत, परतफेड झाली का, आणि मांडलिकाच्या दरबारातला कोणता गट ती गोष्ट उगाळतो. चौथी बाब सोडू नका. जोसनमध्ये राजाला एक वाटत होतं आणि दरबाराला दुसरं, सगळं नाट्य त्यातून आलं. वेळ गेला म्हणून नोंद फिकी पडू देऊ नका. ती उगाळणारा गट सत्तेवरून गेला तरच तिचं वजन उतरावं, आणि गट परत आला की परत चढावं. प्रत्येक मांडलिकामागे पाच-सहा नोंदी पुरतात. त्याहून जास्त खेळाडू वाचणार नाही. निष्ठेचा आकडा हवा असेल तर तो या नोंदींची बेरीज म्हणून दाखवा, आणि त्यावर बोट ठेवलं की नोंदी उघडू द्या.

प्रश्न : मांडलिकाने युद्धाला यायला नकार दिला तर खेळात काय व्हावं? माझ्या अनुभवात मांडलिक एकतर निमूट येतो नाहीतर थेट स्वातंत्र्याचं युद्ध पुकारतो.

मधल्या पायऱ्याच गायब आहेत, हीच तर तक्रार आहे. खरा मांडलिक ‘नाही’ म्हणत नाही. तो उशिरा येतो, कमी माणसं पाठवतो, आपल्या सीमेपलीकडे पाऊल टाकत नाही. पश्चिम युरोपात बऱ्याच ठिकाणी सरंजामी सेवेची मुदत वर्षाला चाळीस दिवस मानली जायची. मुदत संपली की माणसं घरी जायला मोकळी. खेळात माझ्या मांडलिकाचं सैन्य पाच-पाच वर्षं माझ्या वेढ्यात बसून असतं आणि त्याबद्दल मला काही मोजावं लागत नाही.

तेव्हा नकाराला पायऱ्या द्या आणि अधिपतीच्या उत्तरालाही द्या. ऑटोमनांचं बघण्यासारखं आहे. १७११ साली मोल्दाव्हियाचा राजा दिमित्री कांतेमिर रशियाच्या पीटरला जाऊन मिळाला आणि प्रुतच्या लढाईत पीटर हरला. ऑटोमनांनी मोल्दाव्हिया खालसा केला नाही. राज्य तसंच ठेवलं, फक्त तिथल्या सरदारांतून राजा घेणं बंद केलं आणि इस्तंबूलच्या फनार भागातल्या ग्रीक घराण्यांतली माणसं गादीवर पाठवायला सुरुवात केली. १७१६पासून शेजारच्या वालाकियातही तेच. माफी आणि खालसा यांच्यामध्ये इतकी जागा असते : राजा बदलणं, राजपुत्र ओलीस ठेवून घेणं, एखादा किल्ला ताब्यात घेणं, खंडणी चढवणं. आणि प्रत्येक शिक्षेची नोंद वर सांगितलेल्या वहीत.

उलट बाजूने एक चांगली गोष्ट ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’मध्ये आहे. मांडलिक देश अधिपतीच्या युद्धात रक्त सांडतो, त्याला शस्त्रं पुरवतो, तशी त्याची स्वायत्तता वाढत जाते. अधिपतीने उलट शस्त्रं दिली की ती घटते. मदत घेतली म्हणजे देणं लागतो, हे तिथे आकड्यांत का होईना, पण आलंय.

प्रश्न : मांडलिकाकडून सैन्य मागवण्याऐवजी आपलंच सैन्य त्याच्या राज्यात ठेवावं आणि खर्च त्याने द्यावा, असा प्रकार खेळात यावा असं वाटतं का?

यायलाच हवा, आणि तो गोड दिसला पाहिजे. वेलस्लीची तैनाती फौज आपण शाळेत पाठ केली, पण तिची यंत्रणा समजून घेतली की अंगावर काटा येतो. हैदराबादच्या निजामाने १७९८मध्ये ती घेतली. १८००मध्ये खर्चापोटी त्याने टिपूविरुद्धच्या युद्धांत मिळालेला मुलूख इंग्रजांना दिला. अवधच्या नवाबाने १८०१मध्ये जवळजवळ अर्धं राज्य दिलं. १८०२च्या अखेरीस वसईला दुसऱ्या बाजीरावाने सही केली. सुरुवातीला मांडलिकाला संरक्षण मिळतं, बंडाची भीती जाते. मग खर्चाने तिजोरी रिकामी होते, थकबाकी वाढते, थकबाकीपोटी मुलूख जातो, उत्पन्न आणखी घटतं, आणि स्वतःचं सैन्य ठेवायला पैसाच उरत नाही. खेळात हे मांडलिकाच्या बाजूने खेळायला मिळालं पाहिजे. तो पहिला करार मी स्वतः खेळतानाही स्वीकारला असता, इतका तो त्या क्षणी शहाणपणाचा वाटतो.

प्रश्न : एकाच राज्याला दोन अधिपती असू शकतात का? खेळ कधीच असं करू देत नाहीत.

असू शकतात. र्‍युक्यूचं छोटं बेटराज्य मिंगांना, पुढे चिंग सम्राटांना नजराणे पाठवायचं. १६०९ साली जपानमधल्या सात्सुमाच्या शिमाझू घराण्याने ते जिंकलं, पण चीनकडचे नजराणे चालू ठेवायला लावले, कारण त्या वाटेने व्यापार येत होता. चिनी दूत बेटावर आले की सात्सुमाची माणसं दृष्टीआड व्हायची. १८७९मध्ये जपानने र्‍युक्यू खालसा करून ओकिनावा प्रांत केला, त्याच्या थोडं आधीपर्यंत हे चाललं, म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षं.

खेळात एका राज्याच्या डोक्यावर एकच मालक, ही सोय संगणकाच्या हिशेबासाठी आहे. नाती प्रकारानुसार वेगळी केली, म्हणजे नजराणा एकाला आणि सैन्य दुसऱ्याला, तर दोन्ही सहज बसतात. दोघांची गाठ पडली की मांडलिकाला निवड करावी लागेल. दोन दगडांवर पाय ठेवून उभ्या राहिलेल्या त्या राज्याचा राजा मला एकदा व्हायचं आहे.

प्रश्न : तुमचं म्हणणं ऐकून धास्ती वाटते. माझ्या डावात बारा मांडलिक असतात. प्रत्येकाची वही, प्रत्येकाची संमती, प्रत्येकाचे रुसवे. मी साम्राज्य चालवू की दिवसभर त्यांचे अर्ज वाचत बसू? आणि कुठल्याच खेळाला हे साधलेलं नाही का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. थोडंफार साधलंय. ‘क्रुसेडर किंग्ज ३’मध्ये सरंजामी करारातल्या अटी बदलताना मांडलिकाला काही दिलं तर काही मागता येतं. बदल्यात काही न देता मागायचं तर तुमच्याकडे त्याच्यावरचा ‘हुक’, म्हणजे त्याला दबवता येईल असं गुपित किंवा उपकार, असावा लागतो, नाहीतर जुलमी म्हणून नाव खराब होतं. ‘स्टेलॅरिस’मध्ये २०२२च्या ‘ओव्हरलॉर्ड’ या जोडभागापासून करारात कलमंच येतात : मांडलिक तुमच्या कोणत्या युद्धांत येईल, तुम्ही त्याच्या कोणत्या युद्धांत जाल, साधनं कोण कोणाला देईल. अधिपतीचं कर्तव्य तिथे निदान लिहिलेलं असतं. मला त्यात उणीव वाटते ती अंमलाची, कारण त्या कर्तव्यात केलेल्या कुचराईचा सल पुढच्या पिढीला पोचत नाही.

आता अर्जांचं. तुमची भीती खरी आहे आणि मी तिच्याशी सहमत आहे. दर महिन्याला उगवणाऱ्या खिडक्यांनी मीही डाव अर्धवट सोडले आहेत. म्हणून मांडलिकाने खेळाडूला तीनच वेळा थांबवावं : दोघांपैकी एका गादीवर नवा राजा आला की, युद्धाची हाक गेली की, आणि तह होताना. बाकी दिवस वही आपोआप भरत राहू दे. नव्या राजाच्या वेळी करार नव्याने करणं जुनंच आहे. इंग्लंडच्या राजालासुद्धा फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या आपल्या गॅस्कनी या मुलखासाठी फ्रान्सच्या राजापुढे शपथ घ्यावी लागायची, तिसऱ्या एडवर्डने १३२९मध्ये आमियांला ती घेतली. आठ वर्षांनी फ्रान्सने ती जमीन जप्त केली आणि शंभर वर्षांचं युद्ध पेटलं. बारा मांडलिक असले तरी असे प्रसंग दशकात दहा-पंधराच येतील, आणि त्यातला प्रत्येक लक्ष देण्याजोगा असेल.

तिन्हींपैकी एकच घ्यायचं असेल तर तहाचा पडदा घ्या. डावीकडे आपण, उजवीकडे शत्रू, आणि खाली ज्याची जमीन जाणार आहे त्याच्यासाठी एक ओळ : मान्य, अमान्य, किंवा बदल्यात काय हवं. मोल्दाव्हियाच्या त्या डावात मित्राने मला तेवढं विचारलं असतं तर तो प्रांत मी बहुधा दिलाही असता. मला दहा वर्षांची खंडणीमाफी आणि वेढ्यात गेलेल्या माणसांची भरपाई हवी होती.